गॅसचा ओव्हन कां तापत नाहीं ?

अग्नि हा स्वयंपाकघरांतील सर्वांत जुना सेवक होय. परंतु त्याला डोळ्यांआड ठेवून त्याच्याकडून काम करवून घेणें ही विद्या थोडी अवघड आहे. चुलींतला जाळ समोर दिसतो. तो मंदावला तर लांकूड आंत सारावें, भडकला तर मागें ओढावें, इतकें शहाणपण घरोघरीं असतें. ओव्हनची गोष्ट निराळी. तेथें ज्योत तळाच्या पत्र्याखालीं लपलेली असते आणि पदार्थ बंद दाराआड असतो. आंत काय चाललें आहे याचा उलगडा होतो तो केक मध्यें कच्चा व कडेला करपलेला असा बाहेर निघतो तेव्हां. मग ‘ओव्हन बिघडला’ असा निवाडा होतो, कारागिराला बोलावणें जातें, एखादा भाग बदलला जातो, आणि पुढच्या रविवारीं केक पुनः कच्चाच निघतो. याचें कारण इतकेंच कीं, औषध आधीं दिलें गेलें आणि निदान मागेंच राहिलें.

वैद्य ज्याप्रमाणें तापाला रोग न मानतां रोगाचें लक्षण मानतो, त्याचप्रमाणें ‘ओव्हन तापत नाहीं’ हेंहि केवळ लक्षण आहे. त्या एका वाक्यांत चार निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात. ज्योत पेटतच नाहीं, किंवा पेटून विझते, ही पहिली. ज्योत टिकते, पण दुबळी असते, ही दुसरी. ज्योत चांगली असूनहि तापमान नेमलेल्या खुणेप्रमाणें राहत नाहीं, ही तिसरी. आणि तापमान बरोबर असूनहि पदार्थ नीट भाजला जात नाहीं, ही चौथी. या चारींचीं कारणें वेगळीं व उपायहि वेगळे. त्यांचा शोध घेण्याचा क्रम मात्र एकच आहे : आधीं नाक, मग डोळे, मग तापमापक, आणि सर्वांत शेवटीं हात.

बंद आंचेवर भाजण्याची कला विदर्भाला नवी नाहीं. गोवऱ्यांचा जाळ निवून लाल आर झाला म्हणजे त्यांत रोडगे पुरावयाचे, वरून गरम राख ओढावयाची, आणि कणकेचे आंतील पदर शिजून वरचें कवच खरपूस होईपर्यंत धीर धरावयाचा, ही रीति येथील पंगतींच्या परिचयाची आहे. रोडगे भाजणारा जाणता मनुष्य ते कधीं पेटत्या जाळावर टाकीत नाहीं. कारण जाळ बाहेरून करपवितो, आणि आर आंतपर्यंत पोंचतो. ओव्हनचें सारें तत्त्व या एका अनुभवांत आलें आहे. चारी बाजूंनीं सारखी, स्थिर व कोंडलेली उष्णता हेंच त्याचें काम. शहरांत हें काम पुष्कळ काळ बेकरीच्या भट्टीकडे होतें. दिवाळीची नानकटाई वा नाताळचा केक घरीं तयार करून भाजण्यापुरता बेकरींत नेण्याची चाल होती. पुढें सिलिंडरचा गॅस आला. इंडियन ऑईलच्या ‘इंडेन’ गॅसची पहिली जोडणी २२ ऑक्टोबर १९६५ रोजीं कलकत्त्यांत दिली गेली. पुढें हा गॅस गांवोगांवच्या घरांत पोंचला, आणि शेगडीपाठोपाठ ओव्हनहि ओट्यावर येऊन बसला.

निदान करावयाचें तर ओव्हनची रचना थोडी माहीत असली पाहिजे. घरगुती सिलिंडरांत १४.२ किलो वायु दाबानें द्रवरूप करून भरलेला असतो. तो मुख्यतः ब्यूटेन व प्रोपेन यांचें मिश्रण होय. सिलिंडरवरचा रेग्युलेटर त्याचा दाब उतरवून दर चौरस सेंटिमीटरला सुमारें ३० ग्रॅम इतका करतो. तेथून वायु रबरी नळीनें ओव्हनच्या चावीपर्यंत, आणि चावींतून एका पितळी जेटपर्यंत येतो. जेटचें छिद्र मिलिमीटरहूनहि लहान असतें. त्यांतून वायु वेगानें निघतो व जवळच्या उघड्या झरोक्यांतून हवा ओढून आपल्याबरोबर नेतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ बुन्सेन यानें १८५५ च्या सुमारास आपल्या प्रयोगशाळेंतील बर्नरमध्यें हीच युक्ति योजिली होती. एक घनफूट प्रोपेन पुरता जळण्यास सुमारें २४ घनफूट, व ब्यूटेनला सुमारें ३१ घनफूट हवा लागते. अर्थात् ओव्हनमध्यें जळतें तें बहुतांशीं गॅसपेक्षां हवेच्याच जोरावर. आणि म्हणूनच ‘गॅस कमी येतो’ अशी जी तक्रार होते ती पुष्कळदां हवेचीच तक्रार असते.

आतां क्रमांतील पहिली पायरी, म्हणजे नाक. ओव्हन तापत नसेल तर दार उघडून प्रथम वास घ्यावा. या वायूला मूळचा वास जवळजवळ नाहीं. गळती कळावी म्हणून त्यांत मर्कॅप्टन नांवाचें उग्र द्रव्य मुद्दाम मिसळलेलें असतें. हा वायु हवेपेक्षां दीड ते दोन पट जड असल्यामुळें तो वर न जातां जमिनीवर पसरतो, ओट्याखालच्या कोनाड्यांत सांचतो, आणि हवेंत त्याचें प्रमाण सुमारें २ ते ९ टक्के झालें कीं एका ठिणगीनें स्फोट होतो. त्यामुळें वास येत असतां काडी ओढून ‘पाहूं तरी पेटतो का’ असें म्हणणें हें धाडस नव्हे, आत्मघात आहे. विजेचें बटण लावूं नये, तसेंच लावलेलें बटण बंदहि करूं नये. कारण दोन्ही वेळां बटणांत ठिणगी पडते. पंखा वा कूलर चालू करून वास घालविण्याचा यत्न तर मुळींच करूं नये. रेग्युलेटर बंद करावा, दारें-खिडक्या उघडाव्या, सर्वांना बाहेर न्यावें, आणि बाहेरूनच १९०६ या क्रमांकावर कळवावें. गॅसगळतीसाठीं हा क्रमांक देशभर दिवसरात्र चालू असतो. गळतीची शंका लहान असेल व वास थांबला असेल, तर नळीच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावून पाहावा. बुडबुडे फुगले तर गळती तेथेंच आहे. काडीनें सांधा तपासण्याची रीति कोठें दिसली तर ती तत्काळ बंद करावी. रबरी नळीवर तिची मुदत छापलेली असते. सुरक्षा नळी पांच वर्षांनीं बदलावी असा नियम आहे, मग ती दिसावयास कितीहि धड असो.

नाकानें निर्वाळा दिला म्हणजे मग डोळ्यांचें काम सुरू होतें. पहिली तक्रार, ज्योत न पेटण्याची. येथें ओव्हनला हात लावण्यापूर्वीं वरची शेगडी पेटवून पाहावी. तिचीहि ज्योत मंद असेल तर दोष ओव्हनचा नव्हे. सिलिंडर संपत आला असेल, रेग्युलेटर नीट बसला नसेल, किंवा ओट्यामागें नळी पिळली वा दबली असेल. शेगडी चांगली जळत असून ओव्हनच रुसला असेल, तर ठिणगी पडते कीं नाहीं हें पाहावें. ठिणगीचें यंत्र विजेवर चालणारें असेल तर वीज गेली असतां तें चालणार नाहीं. अशा वेळीं हातानें पेटविण्यास उत्पादकाची परवानगी असेल तर दार पूर्ण उघडावें, काडी आधीं पेटवावी व चावी मग फिरवावी. हा क्रम उलटा झाला तर गॅस पेटींत आधीं सांचतो आणि नंतर एकदम भडका उडतो. एका यत्नांत ज्योत लागली नाहीं तर चावी बंद करून, दार उघडें ठेवून, निदान पांच मिनिटें थांबावें. पुष्कळ भुवया जळतात त्या ओव्हनच्या बिघाडानें नव्हे, या पांच मिनिटांच्या अधीरतेनें.

कधीं कधीं ज्योत लागते, पण चावीवरचा हात काढतांच विझते. हा दोष वाटतो, परंतु ही एका रक्षकाची करामत आहे. १८२१ सालीं सीबेक या शास्त्रज्ञाला असें आढळलें कीं, दोन भिन्न धातूंचा सांधा तापविला असतां त्यांतून अल्पशी वीज वाहूं लागते. नव्या ओव्हनमध्यें बर्नरजवळ अशाच धातूंची एक बोटभर कांडी ज्योतींत धरलेली असते. ती तापली म्हणजे तिच्या विजेनें एक लहानसा चुंबक गॅसचा पडदा उघडा धरून ठेवतो. ज्योत विझली कीं कांडी निवते, चुंबक सैल पडतो, आणि गॅस आपोआप बंद होतो. ही कांडी तापण्यास कांहीं सेकंद लागतात. म्हणून चावी दाबून दहा-पंधरा सेकंद धरावी. तरीहि ज्योत टिकत नसेल तर कांडीच्या टोकावर काजळी बसली असेल, किंवा ती ज्योतीपासून बाजूला सरकली असेल. ओव्हन पूर्ण थंड असतां टोक मऊ कोरड्या कापडानें पुसावें. तेवढ्यानें काम न झाल्यास ती कारागिराकडून बदलून घ्यावी. पण तिला तारेनें बांधून, किंवा चावी कायमची दाबलेली राहील अशी पाचर मारून ओव्हन चालविणें म्हणजे पहारेकऱ्याला गुंगी देऊन घराचें दार उघडें टाकण्यासारखें आहे.

दुसरी तक्रार, दुबळ्या ज्योतीची. येथें ज्योतीचा रंग हा सर्वांत विश्वासू साक्षीदार असतो. निरोगी ज्योत निळी, आंखूड, आवाज न करणारी व प्रत्येक छिद्रावर सारखी असते. ती पिवळी, लांब व मऊ दिसूं लागली आणि भांड्यांना काजळी धरूं लागली, तर हवा कमी पडते आहे असें समजावें. ती छिद्रांपासून उचलून फरफरूं लागली, तर हवा फाजील होते आहे. कांहींच छिद्रांवर ज्योत असून बाकीचीं रिकामीं असतील, तर सांडलेल्या साखरेनें वा तुपानें छिद्रें बुजलीं आहेत. बर्नर थंड झाल्यावर मऊ ब्रशानें तीं मोकळीं करावीं व बर्नर पूर्ण वाळवून मग बसवावा.

हवेचा मार्ग कां बुजतो, याचें एक कारण मोठें गमतीचें आहे. पुष्कळ घरांत ओव्हन होळीनंतर बंद होतो तो थेट दिवाळीला उघडतो. या सात-आठ महिन्यांत बर्नरची नळी म्हणजे कोळ्यांना व मातीचें घर करणाऱ्या कुंभारमाशीला आयता मिळालेला वाडा होय. नळींत जाळें वा मातीचा गोळा झाला कीं हवा अडते, ज्योत पिवळी होते, आणि क्वचित् गॅस हवेच्या झरोक्यांतून मागें येऊन तेथेंच पेट घेतो. म्हणून दिवाळीच्या फराळाचा बेत ठरण्यापूर्वीं एकदां ओव्हनची नळी पाहून घ्यावी. फराळाच्या दिवशीं तिची आठवण होणें उशिराचें आहे.

जेट साफ करण्याविषयीं एक इशारा देणें अवश्य आहे. छिद्र लहान दिसतें म्हणून त्यांत सुई वा तार घालून फिरविण्याचा मोह होतो. पितळ मऊ असतें. सुईनें छिद्र साफ होतें त्याबरोबर मोठेंहि होतें. मग ज्योत मोठी झालेली पाहून घरधनी खूष होतो. परंतु गॅस वाढला असून हवा तेवढीच राहिली आहे, हें त्याच्या लक्षांत येत नाहीं. अर्धवट जळणाऱ्या गॅसांतून कार्बन मोनॉक्साइड नांवाचा विषारी वायु निघतो. त्याला रंग नाहीं व वासहि नाहीं. डोकें दुखणें, मळमळणें, ग्लानि येणें, एवढ्यावरूनच तो ओळखावयाचा. जेट बुजला तर तो काढून त्याच मापाचा नवा बसवून घेणें हाच खरा उपाय.

जेटच्या मापाचा प्रश्न दुसऱ्या एका प्रकारें उभा राहतो. मुंबईंत पुष्कळ घरांना नळानें नैसर्गिक वायु मिळतो. तो मुख्यतः मिथेन होय. एका घनमीटर नैसर्गिक वायूंत जी उष्णता असते ती सिलिंडरच्या तेवढ्याच गॅसच्या मानानें निम्म्याहूनहि कमी. म्हणून त्यासाठीं जेटचीं छिद्रें मोठीं ठेवावीं लागतात. असें कुटुंब बदली होऊन नागपुरास आलें व त्यानें तोच ओव्हन सिलिंडरला जोडला, तर ज्योत पिवळी व बेफाम होईल. उलट सिलिंडरसाठीं केलेला ओव्हन नळाच्या वायूवर लावला तर ज्योत मरगळेल आणि तासभर थांबूनहि ओव्हन तापणार नाहीं. दोन्ही ठिकाणीं यंत्र निर्दोष असतें. त्याला मिळणारें अन्न बदललेलें असतें. जेट बदलून व हवा नव्यानें जुळवून घेतली कीं तोच ओव्हन नीट चालूं लागतो.

याशिवाय नागपूरच्या हवामानाचे दोन खास उपद्रव आहेत. नवतपाच्या दिवसांत पारा ४५ अंशांकडे चढतो व घराघरांतून कूलरचा झोत वाहूं लागतो. तो झोत स्वयंपाकघरांत शिरून ओव्हनच्या तळाच्या झरोक्यांतून आंत गेला, तर ज्योत थरथरते, एका बाजूला झुकते, प्रसंगीं विझतेहि. कूलरची दिशा बदलून पाहिली तर पुष्कळदां ओव्हनचा ‘बिघाड’ तेथेंच संपतो. हिंवाळ्यांतील उपद्रव याच्या उलट आहे. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस नागपुरांत तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरलें होतें. द्रव गॅसचा वायु होतांना तो सिलिंडरांतील उष्णता ओढून घेतो. सिलिंडर सरत आलेला, बाहेर कडाका, आणि त्याच वेळीं ओव्हनबरोबर दोन शेगड्या पेटलेल्या, असा योग आला म्हणजे गॅस पुरेशा वेगानें बनत नाहीं व ज्योत लहान होते. उपाय साधा आहे : शेगड्या बंद कराव्या, किंवा भरलेला सिलिंडर लावावा. सिलिंडरवर उकळतें पाणी ओतणें, त्याच्याजवळ आंच धरणें, किंवा तो आडवा करून हलविणें हे उपाय नव्हेत, अपाय आहेत. आडव्या सिलिंडरांतून वायूऐवजीं द्रवच नळींत शिरतो, आणि त्याचा भडका आवरणें कठीण होतें.

तिसरी तक्रार तापमानाची. येथें नाक व डोळे पुरे पडत नाहींत. येथें तापमापकाची साक्ष काढावी लागते. ओव्हनचा एक यशस्वी तापनियामक ‘रेग्युलो’ या नांवानें इंग्लंडांत १९२३ सालीं आला. त्याचें तत्त्व असें : पितळेची नळी तापली कीं लांबते, परंतु लोखंड व निकेल यांच्या ‘इन्व्हार’ नांवाच्या मिश्रधातूची कांडी जवळजवळ लांबत नाहीं. हा मिश्रधातु गिओम या शास्त्रज्ञानें १८९६ मध्यें शोधिला, आणि १९२० सालीं त्याला पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक मिळालें. नळी व कांडी एका टोकाला जोडून ओव्हनमध्यें बसविली म्हणजे ओव्हन जसजसा तापेल तसतशी नळी लांबून कांडीला ओढते, आणि कांडी गॅसचा पडदा मिटूं लागते. आजच्या पुष्कळ ओव्हनांत हेंच काम द्रवानें भरलेली एक बारीक नळी करते. परंतु तत्त्व तेंच.

यावरून एक गैरसमज दूर होईल. ओव्हन नेमलेल्या तापमानास पोंचला म्हणजे ज्योत आपोआप बारीक होते. ती तशी झालेली पाहून ‘गॅस कमी झाला’ असें म्हणून चावी वाढविणाऱ्या गृहिणी अनेक आहेत. त्या नकळत पदार्थ करपवितात. ज्योतीचें बारीक होणें हा थर्मोस्टॅटच्या इमानाचा पुरावा आहे.

तो इमानदार आहे कीं नाहीं याची परीक्षा अशी करावी. ओव्हनमध्यें ठेवण्याचा वेगळा तापमापक आणून तो मधल्या जाळीवर, मध्यभागीं ठेवावा. चावी १८० अंशांवर लावून वीस-पंचवीस मिनिटें दार न उघडतां थांबावें, आणि नंतर दर दहा मिनिटांनीं कांचेंतून आंकडा पाहून असे चार आंकडे टिपावे. त्यांची सरासरी हें ओव्हनचें खरें तापमान. खुणेंत व सरासरींत दहा-पंधरा अंशांचा फरक असेल तर तो बिघाड मानूं नये. फरक कागदावर लिहून ओव्हनच्या शेजारीं चिकटवावा व चावी तितकी पुढें-मागें लावावी. फरक पंचवीस अंशांहून अधिक असून तो नेहमींच तसा राहत असेल, तर थर्मोस्टॅट जुळवून घ्यावा. तत्पूर्वीं एक गोष्ट मात्र पाहावी : त्याची बारीक नळी आपल्या खुंटीवरून निसटून भिंतीला टेकली नाहीं ना ? भिंत हवेपेक्षां आधीं तापते, आणि टेकलेली नळी ओव्हन तापण्यापूर्वींच ‘पुरे’ असें सांगूं लागते.

तापमापक हाताशीं नसेल तर साखरेची ढोबळ परीक्षा आहे. साखर सुमारें १८६ अंशांस वितळते. दोन लहान वाट्यांत चमचाभर साखर घ्यावी. चावी १७५ वर लावून, ओव्हन तापल्यावर, पहिली वाटी पंधरा मिनिटें ठेवावी. साखर वितळली तर ओव्हन खुणेपेक्षां अधिक तापतो. मग चावी १९० वर नेऊन, तापमान चढूं दिल्यावर दुसरी वाटी तेवढाच वेळ ठेवावी. साखर जशीच्या तशी राहिली तर तो खुणेपेक्षां कमी तापतो.

चौथ्या तक्रारींत ओव्हन निर्दोष असून वापरणाराच्या रीतींत दोष असतो. ओव्हन आधीं पंधरा-वीस मिनिटें न तापवितां पदार्थ आंत ठेवणें, हा त्यांतील पहिला. दर दोन मिनिटांस दार उघडून पाहणें, हा दुसरा. प्रत्येक वेळीं कोंडलेली गरम हवा बाहेर पडते, आणि फुगूं लागलेला केक मध्यें बसतो. तळाचा पत्रा स्वच्छ राहावा म्हणून त्यावर अल्युमिनियमचा कागद पसरणें, हा तिसरा व फार प्रचलित दोष होय. त्या पत्र्याच्या कडेचीं छिद्रें म्हणजे ज्योतीच्या श्वासाचा व उष्णतेच्या अभिसरणाचा मार्ग. तो बुजला तर ज्योत गुदमरते व वरचा भाग थंडच राहतो. मोठें ताट भिंतीला भिडवून ठेवल्यानेंहि हेंच होतें. चारी बाजूंना दोन बोटें जागा मोकळी असावी. भांड्याचा रंगहि महत्त्वाचा आहे. काळें भांडें उष्णतेचे किरण शोषून घेतें, चकचकीत भांडें ते परतवितें. म्हणून काळ्या साच्यांत तळ लवकर करपतो, आणि तेथें तापमान दहा-पंधरा अंश कमी ठेवावें लागतें. शेवटीं दाराची पट्टी. ओव्हन थंड असतां दारांत कागदाची पट्टी धरून दार लावावें व पट्टी ओढावी. ती सहज निसटत असेल तर उष्णताहि तेथूनच निसटते; दाराची कडेची पट्टी वा बिजागरी बदलावी.

ज्या घरांत पेटीचा ओव्हन नाहीं, तेथें शेगडीवर ठेवावयाचा गोल अल्युमिनियमचा ओव्हन वा गॅस तंदूर असतो, आणि त्यांत बट्टी व रोडगे उत्तम होतात. त्याला थर्मोस्टॅट नसतो. आंच ओळखणें हेंच तेथें सारें. ज्योत मोठी केली कीं ती कडेनें बाहेर पसरते आणि उष्णता आंत जाण्याऐवजीं ओट्याला मिळते. बट्ट्या बाहेरून काळ्या व आंतून कच्च्या राहतात, त्या यामुळें. तुपानें बुजलेलीं तळाचीं छिद्रें व झांकणावरचे झरोके मोकळे ठेवावे, ज्योत बारीक ठेवावी, आणि बट्ट्या वारंवार फिरवाव्या. अशा झांकलेल्या आंचेची उष्णता खालीं परतते, म्हणून कांचेच्या शेगडीवर मोठा तंदूर ठेवूं नये. कांच तडकण्याचा संभव असतो.

राहतां राहिली शेवटची पायरी, हाताची. घरच्या माणसानें बर्नरचीं छिद्रें, तळाचा पत्रा, कांडीचें टोक व दाराची कड स्वच्छ करावी, तापमान मोजावें, साबणाच्या फेसानें सांधे पाहावे. पण रेग्युलेटर उघडणें, चावी खोलणें, जेट बदलणें, थर्मोस्टॅट जुळविणें हीं कामें जाणत्या कारागिराचीं आहेत. घरच्या माणसानें लक्षण अचूक सांगितलें तर कारागिराचें अर्धें काम होतें. ‘ओव्हन तापत नाहीं’ एवढेंच सांगण्यापेक्षां ‘शेगडी नीट आहे, ओव्हनची ज्योत पिवळी आहे, १८० च्या खुणेवर १४५ दाखवितो’ असें सांगितलें तर अनावश्यक भाग बदलण्याचा खर्चहि वांचतो.

आणि ओव्हन कितीहि निरोगी असला तरी स्वयंपाकघराची एक खिडकी डिसेंबरच्या थंडींतहि किलकिली ठेवावी, व खोली गरम करण्यासाठीं ओव्हनचें दार उघडें ठेवून तो कधींहि पेटवूं नये. ज्योतीला हवा लागते तशी माणसालाहि लागते. बंद खोलींत दोघांची वाटणी होऊं लागली म्हणजे माणसाच्या वांट्याला विष येतें. कच्चा राहिलेला केक पुनः करतां येतो. म्हणून ओव्हनसमोर उभें राहतांना क्रम चुकूं देऊं नये : आधीं नाक, मग डोळे, मग तापमापक, आणि हात सर्वांत शेवटीं.